शाळा सोडण्याचे कारण

आई जर्सी सिटीला आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला नातीची शाळा बघायची होती. परगावी गेल्यावर लोक देऊळ बघतात, ही शाळा बघते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढल्यावर दुसरं काय होणार! फेब्रुवारीच्या थंडीत फाटकापाशी उभी राहून तिनं ती जुनी विटांची इमारत खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि विचारलं, "पट किती?"

मला माहीत नव्हतं. मला शाळेचे फक्त गुण माहीत होते. दहापैकी चार. इथे घर शोधायच्या ॲपवर घराच्या फोटोंखाली जवळपासच्या शाळांचे गुण येतात, आणि अमेरिकेतला आपला माणूस स्वयंपाकघराच्याही आधी ते बघतो.

"चार म्हणजे नापास की गं," आई म्हणाली. "नापास कोण पण? पोरं की मास्तर?"

या प्रश्नावर हा देश चाळीस वर्षं भांडतोय. १९८३ साली रेगन सरकारच्या एका आयोगानं शाळांच्या सुमारपणामुळे अख्खं राष्ट्रच धोक्यात असल्याची हाकाटी केली, तेव्हापासून तर रोजच. कुणी शिक्षकांच्या युनियनला धरतं, कुणी आईबापांना, कुणी सरकारला, आणि अलीकडे चार्टर शाळांना. मी थंडीत कुडकुडत होते. "घरी चल, सांगते," म्हटलं.

आमची गोष्ट चारचौघांसारखीच. हडसन नदीच्या काठावर उंच इमारतीत भाड्याचं घर, मॅनहॅटन समोर, भाजीसाठी नेवार्क ॲव्हेन्यूवरचा इंडिया स्क्वेअर. मुलगी तीन वर्षांची झाली आणि तिला सरकारी प्री-केमध्ये, म्हणजे बालवाडीत घातलं. फुकट, पूर्ण दिवस. जर्सी सिटीत हे फुकट मिळतं याचं कारण एक खटला आहे. ॲबट विरुद्ध बर्क. न्यू जर्सीच्या संविधानात १८७५ पासून लिहिलंय की मुलांना 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' शिक्षण देणं हे राज्याचं काम. गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीनं १९८१ साली वकील कोर्टात गेले आणि म्हणाले, शाळा घरपट्टीवर चालतात, म्हणून ज्या गावात घरं महाग त्या गावच्या शाळा श्रीमंत, हे कसलं परिपूर्ण? भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी ३१ गरीब शहरांना राज्यानं जादा पैसा द्यावा असं ठरलं, आणि १९९८ च्या निकालानं तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगल्या बालवाड्याही आल्या. जर्सी सिटी त्या ३१ मधलं एक.

म्हणजे गरिबांच्या मुलांसाठी लढलेल्या खटल्याची बालवाडी माझी मुलगी खात होती. माझीच नव्हे. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सकाळी मराठी, तेलुगू, गुजराती अशा सगळ्या भाषांत 'डबा घेतलास का' ऐकू यायचं. आणि त्या सगळ्यांत एक अलिखित नियम होता: प्री-के इथे फुकट उरकायचं, आणि किंडरगार्टनच्या (पहिलीच्या आधीच्या वर्षाच्या) आधी एडिसनला नाहीतर वेस्ट विंडसरला सुटायचं. तिथल्या शाळा दहापैकी आठ, नऊ.

आमचं सुटणं लांबलं. व्याजाचे दर चढले, तीन घरं हातची गेली. मग मधला मार्ग म्हणून चार्टर शाळेची सोडत भरली. सोडतच म्हणायचं, म्हाडासारखी. अर्ज करा, नशीब लागलं तर जागा. आमचं नशीब प्रतीक्षायादीवर १४७ वं निघालं.

"चार्टर म्हणजे आपल्या अनुदानित संस्थेसारखं का?" आईनं विचारलं. मेथी निवडायला घेतली की तिला मोठे प्रश्न पडतात.

बरंचसं तसंच, म्हटलं. पैसा सरकारचा, कारभार खाजगी मंडळाचा. फी नाही, मुलं निवडून घ्यायची नाहीत, अर्ज जास्त आले तर सोडत. न्यू जर्सीत पहिल्यांदा चार वर्षांसाठी परवानगी मिळते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. शिकवलं नाही तर शाळा बंद. चार्टर म्हणजे शब्दशः सनद. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ती १८१३ च्या सनदी कायद्याची ओळ असायची ना, कंपनी सरकारनं शिक्षणावर वर्षाला एक लाख रुपये खर्च करावेत म्हणून? तीच सनद. गंमत म्हणजे ही कल्पना उचलून धरली ती शिक्षकांच्या युनियनच्या पुढाऱ्यानं. अल्बर्ट शँकर त्याचं नाव. १९८८ मध्ये तो म्हणाला, चांगल्या शिक्षकांच्या छोट्या गटांना सनद द्या, केंद्रप्रमुखाचा जाच काढा (हा शब्द माझा, आईसाठी), त्यांना नवे प्रयोग करू द्या. मिनेसोटानं १९९१ मध्ये पहिला कायदा केला. आणि दोनच वर्षांत शँकरसाहेब स्वतःच्या लेकराला ओळखेनासे झाले, कारण शिक्षकांच्या हाती द्यायची ती सनद बाहेरच्या मंडळांच्या आणि धंदेवाल्यांच्या हातात चालली होती. आज बहुतेक चार्टर शाळांत युनियन नसते.

"आणि पैसा?"

पैसा दप्तराबरोबर जातो. मूल चार्टरला गेलं की सरकारी शाळांच्या तिजोरीतून त्याच्या वाट्याच्या रकमेतला मोठा भाग तिकडे जातो. न्यू जर्सीच्या कायद्यात नव्वद टक्क्यांचा आकडा आहे.

आईनं मेथीची काडी बाजूला ठेवली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. वर्गातून चार पोरं गेली म्हणून बाई पाऊण होत नाही, छप्पर कमी गळत नाही, हे तिला एकदम कळलं. तिची शाळा द्विशिक्षकी होती.

माझं ऑफिस नेवार्कला. आमच्या शेजारचं शहर, पाथ ट्रेननं जायचं. सरकारी शाळा वाईट की चार्टर, या भांडणाचं कुरुक्षेत्र म्हणायचं तर तेच. तिथल्या शाळा १९९५ मध्ये राज्य सरकारनं ताब्यात घेतल्या, स्थानिक मंडळाला कारभार झेपत नाही म्हणून. (जर्सी सिटीच्या तर त्याही आधी, १९८९ मध्ये, असं होणारं हे देशातलं पहिलं शहर.) पंधरा वर्षं राज्यानं चालवल्या. आणि मग सप्टेंबर २०१० मध्ये फेसबुकचा मार्क झुकरबर्ग ओप्रा विन्फ्रीच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात येऊन बसला. बरोबर महापौर कोरी बुकर आणि गव्हर्नर (म्हणजे इथला मुख्यमंत्रीच) ख्रिस ख्रिस्ती, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन. आणि त्यानं नेवार्कच्या शाळांना १० कोटी डॉलर जाहीर केले. तेवढेच आणखी इतरांकडून जमवायचे. शाळा नापास आहेत, हे सगळ्यांनी एकमुखानं म्हटलं. त्या शाळा पंधरा वर्षं कोण चालवत होतं, हे त्या कार्यक्रमात कुणी फारसं काढलं नाही. गव्हर्नर तर बसला होता तिथेच.

२० कोटी डॉलर ऐकायला डोळे दिपवणारे. पण नेवार्कच्या शाळांचं वर्षाचं बजेटच १ अब्जाच्या घरातलं, आणि हे २० कोटी पाच वर्षांत पुरवायचे. त्यातले बरेच शिक्षकांच्या नव्या करारात गेले, मागची थकबाकीही त्यातच भागवली. बरेच चार्टर शाळा वाढवण्यात गेले. आणि २ कोटींच्या वर सल्लागारांना. सल्लागार म्हणजे कोण, हे आईला समजावताना मी 'साधनव्यक्ती' (आपल्याकडे शिक्षकांना मार्गदर्शन करायला नेमतात ती) म्हटलं आणि ती इतकी हसली की चहा सांडला.

शाळा बंद झाल्या, मुलांचं वाटप नव्यानं झालं. भावंडं दोन टोकांच्या शाळांत गेली. २०१५ मध्ये विद्यार्थीच शिक्षणप्रमुखाच्या कार्यालयात ठाण मांडून बसले. त्याआधीच्या वर्षी महापौरपदाची निवडणूक जिंकली होती ती रास बराका यांनी, म्हणजे तिथल्याच एका सरकारी हायस्कूलच्या मुख्याध्यापकानं, आणि तीही या सगळ्याला विरोध करून. २०१७ मध्ये हार्वर्डमधून निष्कर्ष आला: मुलांची इंग्रजीतली प्रगती सुधारली, गणितात विशेष फरक नाही. त्या अभ्यासाला पैसा झुकरबर्ग दांपत्याच्याच संस्थेचा होता. दोन्ही बाजूंनी तो अहवाल आपापल्या सोयीनं वाचला.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती बाई या सगळ्यातून गेलीय. नेवार्कमध्येच वाढलेली, एकटी, दोन मुलगे. मोठ्याचा चार्टरमध्ये नंबर लागला आणि त्याचं सोनं झालं, हे ती स्वतःच सांगते. आठवीत बीजगणित, घरी फोन करणारे शिक्षक, आता इंजिनिअरिंग. धाकटा बोलताना अडखळायचा, वर्गात उठून फिरायचा. त्याला त्याच संस्थेच्या शाळेत घेतलं. पण दर आठवड्याला फोन यायचा, त्याला घरी घेऊन जा. मग एक दिवस फार गोड शब्दांत सांगितलं, की याचं भलं कदाचित दुसरीकडे होईल. काढलं कुणी नाही. तिनंच काढलं. तो आता सरकारी शाळेत आहे. तिथे त्याच्यासाठी वेगळ्या बाई आहेत, कारण सरकारी शाळेला 'दुसरीकडे' म्हणायला जागा नसते.

"मग दोष कुणाचा?" मी विचारलं होतं. मलाही तेव्हा बाजू घ्यायची घाई होती. ती म्हणाली, "मला सकाळी दोन बस पकडायच्या असतात, दोष कधी ठरवू?"

तेव्हापासून चार्टरवाले राक्षस किंवा चार्टरवाले तारणहार असं कुणी म्हणालं की मला तिचे दोन मुलगे दिसतात. आकडेही असेच अडचणीचे आहेत. स्टॅनफर्डच्या एका केंद्रानं २००९ मध्ये पंधरा राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत तुलना केली तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा चांगल्या निघाल्या आणि ३७ टक्के वाईट. विरोधकांनी हा आकडा तोंडपाठ केला. २०२३ च्या अभ्यासात त्याच केंद्राला चार्टरची मुलं वाचनात वर्षाला १६ दिवस आणि गणितात ६ दिवस पुढे दिसली. आता समर्थकांची पाळी. बॉस्टनमधलं काम मला जास्त पटतं. एमआयटीच्या अर्थतज्ज्ञांनी सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं शेजारी ठेवून पाहिली. दोघांच्याही आईबापांनी अर्ज केलेले, म्हणजे हौस सारखीच, फरक फक्त चिठ्ठीचा. आणि लागलेली मुलं खरोखरच खूप पुढे गेली. तरी त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६ च्या नोव्हेंबरात चार्टर शाळा वाढवू द्यायच्या का यावर मतदान झालं, तेव्हा सुमारे ६२ टक्के लोक नको म्हणाले. दुसरीकडे ओहायोत एक ऑनलाइन चार्टर शाळा २०१८ मध्ये शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना बंद पडली. जी मुलं शिकत असल्याचं दाखवलं, त्यातली कित्येक शिकतच नव्हती, म्हणून सरकार कोट्यवधी डॉलर परत मागत होतं.

"बोगस पट," आई म्हणाली. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला शब्द तयार असतो.

अटलांटाची गोष्ट मात्र तिला मी सांगायला नको होती. २००२ मध्ये बुश साहेबांनी कायद्यावर सही केली, की २०१४ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल वाचन-गणितात पास झालंच पाहिजे. शंभर टक्के निकाल, कायद्यानं. न झाल्यास शाळेवर कारवाई. अटलांटात निकाल भराभर सुधारले, शिक्षणप्रमुखांना पुरस्कार मिळाले. २०११ च्या चौकशीत निघालं की ४४ शाळांत १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार केला होता. चुकीची उत्तरं खोडून बरोबर भरायची. माफियांना पकडायच्या कायद्याखाली खटला चालला, २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले. बहुतेकांना कोर्टातूनच बेड्या घालून नेलं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे तपासणीला साहेब येणार असले की मी हुशार पोरांना पुढच्या ओळीत बसवायची."

"ते वेगळं, आई."

"वेगळंच. पण सुरुवात तिथनंच होते."

न्यू ऑर्लीन्सचं तिला सांगितलंच नाही. कतरिना वादळानंतर तिथल्या शाळांतल्या सात हजारांवर कर्मचाऱ्यांना एकदम नारळ दिला. त्यात बहुतेक शिक्षिका कृष्णवर्णीय, वर्षानुवर्षं त्याच गल्ल्यांत शिकवणाऱ्या. पुढे जवळजवळ सगळं शहर चार्टर झालं आणि निकाल वर गेले, हेही खरं. पण घर पुरात गेलंय आणि वर नोकरीही गेली, अशा बाईंची गोष्ट माझ्या आईला सांगायचं मला धाडस झालं नाही.

एप्रिलमध्ये रविवारच्या मराठी शाळेत मुलांना सोडून आम्ही पालक पार्किंगमध्ये उभे होतो. विषय नेहमीचा. जर्सी सिटीच्या शाळा का घसरल्या? एकानं युनियनला झोडलं. दुसऱ्यानं 'त्या लोकांना शिक्षणाची कदरच नाही' म्हटलं, आवाज खाली आणून. ते लोक कोण, हे विचारायची पद्धत नाही. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

त्याच आठवड्यात मला आमच्या इमारतीचं कळलं होतं. नदीकाठचे टॉवर उभे राहावेत म्हणून शहरानं बिल्डरांना करसवलत दिली. मालमत्ता कराऐवजी ठरावीक रक्कम भरायची. न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे त्या रकमेतले ९५ टक्के शहराला, ५ टक्के काउंटीला (जिल्ह्याला). शाळांना शून्य. इथे शाळा मालमत्ता करावर चालतात, आणि जिमखाना, पोहण्याचा तलाव आणि दारात सलाम ठोकणारा दरवान असलेल्या आमच्या इमारतीतून आमच्याच मुलीच्या शाळेला एक छदाम जात नव्हता. ती तूट राज्य भरत होतं, म्हणजे दूरच्या गावांतले करदाते भरत होते. २०१८ मध्ये राज्यानं म्हटलं, तुमच्या शहरात एवढे टॉवर झाले, आता तुमचं तुम्ही बघा, आणि मदत वर्षावर्षाला कापायला घेतली. मग शहरानं कंपन्यांच्या पगारपत्रकावर नवा कर लावला. शाळेच्या करापायी घरमालक ओरडू लागले. त्यांनीही युनियनलाच शिव्या घातल्या.

आईला हे सांगितलं तर ती फुल्यांवर गेली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच मांडलं होतं, की महसूल कुणब्याच्या घामाचा आणि शिक्षणावरचा खर्च वरच्यांच्या पोरांवर. "दीडशे वर्षं होत आली," ती म्हणाली. "तुमचा तर तलाव पण आहे."

जूनमध्ये एडिसनचं घर मिळालं. शाळा दहापैकी नऊ. मालमत्ता कर वर्षाला बारा हजार डॉलर, त्यातले निम्म्याहून जास्त शाळांना. म्हणजे फीच. सोडत नाही, प्रतीक्षायादी नाही, मुलाखत नाही, फक्त कर्ज मंजूर व्हावं लागतं. चार्टर शाळा सरकारी शाळेतून मुलं पळवतात म्हणून वर्तमानपत्रात भांडणारे कितीतरी लोक अशाच गावांत राहतात. नवऱ्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "मग काय करूया, घर नको घ्यायला?" मी सही केली.

ऑगस्टमध्ये, आई परत जायच्या आठवड्यात, चार्टर शाळेची ई-मेल आली. जागा झाली आहे, ४८ तासांत कळवा. १४७ वरून इथपर्यंत! आमच्या पुढचे सगळे कुठे गेले असतील हे मला नेमकं माहीत होतं. बरेच जण आता एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाजी घेत असणार. मी नकार कळवला आणि १४८ नंबरच्या मुलाला ते बटण दाबणारी मीच आहे हे कधीच कळणार नाही, असा काहीतरी बावळट विचार करत बसले.

मग जर्सी सिटीच्या सरकारी शाळेतलं नाव कमी करायचा फॉर्म उघडला. आई शेजारी, बॅगेला कुलूप बसत नाही म्हणून खटपट करत होती.

गेल्या सहा महिन्यांत तिनं तिच्या शाळेचं थोडं थोडं सांगितलं होतं. माण तालुक्यातली वस्ती, दहिवडीहून एम-एटीवर जायची ती. मी रोज सकाळी तिच्या मागे बसायचे आणि फाट्याच्या अलीकडे, संस्थेच्या शाळेशी उतरायचे. तिच्या शाळेचा पट तेव्हा एकाहत्तर होता. जनगणना, मतदार याद्या, खिचडीचा हिशोब, आणि उरलेल्या वेळात शिकवणं. मग वस्तीवर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली. पहिली मुलं नेली ती शाळा समितीच्या सभासदांनी. मग सरपंचानं. दर जूनला पट कमी, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक मोजताना, एक शिक्षक जास्त ठरला आणि गेला, आणि मग लोक म्हणू लागले, एकच बाई आहे तिथं, कसली शाळा ती. ती निवृत्त झाली तेव्हा पट नऊ होता. नऊच्या नऊ मुलं ऊसतोड कामगारांची नाहीतर मेंढपाळांची.

फॉर्मवर शेवटचा रकाना होता. शाळा सोडण्याचं कारण. पर्याय दिलेले: दुसऱ्या गावी स्थलांतर, खाजगी शाळा, चार्टर शाळा, इतर. मी पहिल्यावर टिचकी मारली.

"काय लिहिलंस?" आईनं विचारलं.

"स्थलांतर. तुम्ही काय लिहायचात? गाडीनं गेलेल्या पोरांच्या दाखल्यावर?"

"पालकांच्या विनंतीवरून." तिनं कुलूप दाबलं, ते बसलं. "सगळ्यांच्याच."

"आणि माझ्या?"

"तुझा दाखला कुठला? तुझं नाव मी पटावर घातलंच नव्हतं."